कमानीतला हॉर्न

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. शुभदाजवळ, म्हणजे बायकोजवळ नाही, शाळेपासूनच्या मित्राजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ बोलायला हवं होतं त्या बाबांजवळ तर नाहीच. मग तुमच्याजवळ का? तुम्ही आमच्या चाळीत राहत नाही, म्हणून असेल. उद्या सकाळी जिन्यात मला तुम्हाला तोंड दाखवायचं नाही.

गोष्ट एका हॉर्नची आहे. हसू येईल, मला कल्पना आहे. माणसं कसली कसली पापं पोटात घेऊन फिरतात, आणि हा गाडीचा हॉर्न घेऊन बसलाय. हसा खुशाल. मीही सुरुवातीला स्वतःची अशीच समजूत घालायचो — एवढीशी तर गोष्ट.

बाबा बस चालवायचे. सगळी नोकरी त्यांनी मुंबईच्या रस्त्यांवर स्टिअरिंग धरून काढली आणि कधी कुणाला साधं खरचटू दिलं नाही. त्याचा गर्व त्यांनी बोलून दाखवला नाही, पण चालण्यात दिसायचा. लालबागच्या आमच्या चाळीत बाबा जिना उतरायला लागले की कठड्याला टेकलेली पोरं आपोआप सरळ उभी राहायची. ते निवृत्त झाले तेव्हा मी एक जुनी, छोटीशी गाडी घेतली. नावावर माझ्या, पण चालवायचे तेच. मासळी आणायला, चाळीतल्या कुणाला परळच्या हॉस्पिटलात पोचवायला, कधी उगाच दादरला चक्कर मारून यायला. गाडी आली आणि बाबा पुन्हा कामावर लागल्यासारखे दिसायला लागले.

आता चाळीचा चौक समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या चौकात गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, हँडब्रेक न लावता, न्यूट्रलमध्ये. ज्याला बाहेर पडायचं असेल त्याने दुसऱ्यांच्या गाड्या हाताने ढकलायच्या आणि आपली वाट करून घ्यायची. मग येते कमान. कमान अरुंद, आणि तळमजल्याच्या खोल्यांची बोळ अगदी तिच्या कडेलाच उघडते. गाडीतून बोळ दिसत नाही, बोळीतून गाडी दिसत नाही. म्हणून कमानीत शिरण्याआधी दोनदा हॉर्न मारायचा, ही आमच्याकडची पद्धत. हॉर्न ऐकला की बोळीतला माणूस जागीच थांबतो. नाही ऐकला तर सरळ बाहेर पाऊल टाकतो. आमच्या कमानीपाशी कुणी वाकून बघत नाही. सगळे कानावर चालतात.

आमच्या गाडीचा कंपनीचा हॉर्न म्हणजे नुसती पिपाणी. बाबा म्हणायचे, ह्याला सायकलवालासुद्धा विचारत नाही. म्हणून मी गिरगावच्या बाजूला मोटारीच्या सामानाच्या गल्लीत जाऊन हॉर्नची जोडी आणली, चांगली भारदस्त आवाजाची. आणि मेकॅनिककडे नेण्याऐवजी स्वतःच बसवायला घेतली. मी ऑफिसात हिशेब तपासतो, पण वायरींचा मला भारी नाद. नाद म्हणजे सुरू करण्याचा. पुरं करण्याचा नाही. घरात मी उघडून ठेवलेला मिक्सर होता, दोन महिने लोंबकळणारी बेल होती. बाबा दुसरं काही बोलायचे नाहीत, फक्त म्हणायचे, “तुझं सगळं अर्धंच.” हे वाक्य मला झोंबायचं. इतकं का झोंबायचं? खरं होतं म्हणून, आणखी काय.

रविवार होता. जुना हॉर्न काढला, नवी जोडी जाळीमागे बसवली. बॅटरीतून वायर काढली, मध्ये फ्यूज टाकला, रिले बसवला. रिले म्हणजे एक लहानशी डबी. स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की ती आत ‘टिक’ करते आणि हॉर्नला करंट सोडते. सगळं जोडून बटण दाबलं, तर आवाज आला पण बसक्या घशाचा. कारण कळलं. हॉर्नची अर्थिंगची वायर मी ज्या बोल्टखाली आवळली होती तिथे पत्र्यावर रंगाचा थर होता. तो खरवडायला बोल्ट काढला, वायर बाजूला केली, पॉलिश पेपर शोधायला लागलो — आणि वरच्या गॅलरीतून मित्राने हाक मारली. मॅच रंगात आली होती. मी बॉनेट खाली टाकलं आणि वर गेलो. वायर सुटीच राहिली, म्हणजे हॉर्न मुका.

जेवताना बाबांनी विचारलं, “झाला?”

मी म्हणालो, “झाला.”

एक शब्द. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? ते वाक्य ऐकावं लागलं असतं, बस. भात कालवता कालवता मी ते वाक्य चुकवलं. वाटलं, उद्या सकाळी लवकर उठून घालतो बोल्ट, कोणाला कळतंय.

उठलो नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. मी ऑफिसला निघालो तेव्हा बाबा गाडीत बसलेले होते. दादरला जायचं होतं त्यांना, मासळी बाजारात. पुढची गाडी ढकलून मीच त्यांना वाट करून दिली. त्यांनी गाडी हळू कमानीत घातली, आणि बोळीतून सरोजकाकू बादली घेऊन बाहेर आल्या.

गाडीला वेग असा नव्हताच. पण काकू पडल्या त्या फरशीच्या काठावर, आणि खुब्याचं हाड मोडलं. आईच्या शेवटच्या आजारपणात ज्यांनी आमच्या घरी भाकऱ्या भाजून आणून दिल्या, त्या ह्या सरोजकाकू. चौकात धावाधाव झाली. टॅक्सी आली, काकूंचा मुलगा आणि बाबा त्यांना घेऊन हॉस्पिटलात गेले. जाताना बाबा सारखं एकच म्हणत होते. ते घाबरले किंवा अगदी मनातलं बोलायला लागले की मालवणीवर यायचे. “मी दोनदा हॉर्न मारलो रे झिला. माका आठवता. मारलो मी.” आणि चौकातले सगळे म्हणत होते, आम्ही नाही ऐकला.

मी मागे थांबलो. गाडी कडेला लावतो म्हणालो. कडेला लावली, बॉनेट उघडलं, रंग खरवडला, वायर जागेवर घातली आणि पान्याने बोल्ट गच्च आवळला. माझ्या आयुष्यात मी पुरं केलेलं ते पहिलं काम असेल. एकही आटा चुकला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटते, अजूनही.

संध्याकाळी काकूंचा मुलगा परत आला तो तावातावाने गाडीकडेच गेला. खिडकीतून हात घालून त्याने बटण दाबलं. हॉर्न असा खणखणीत वाजला की तिसऱ्या मजल्यावरची माणसं बाहेर आली. बाबा शेजारीच उभे होते. मुलगा काही वाईट बोलला नाही, उलट आवाज खाली आणून म्हणाला, “काका, वय झालं आता. होतं असं.” बाबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. काल तूच बसवलास ना, सांग ना ह्यांना काहीतरी — असं काहीसं होतं त्या नजरेत. तेव्हा तोंड उघडता आलं असतं. चौकात अर्धी चाळ उभी होती. मी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “बाबा, तुम्हाला वाटलं असेल दाबला म्हणून.”

पोलिसांपर्यंत गेलं नाही. चाळीत अशा गोष्टी चाळीतच मिटतात. काकू उठल्या, पण वॉकर धरून. बाबांनी दुसऱ्या दिवशी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि पुन्हा कधी मागितली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ — पण थांबलं नाही. ज्या माणसाला स्वतःचा हात खोटा वाटायला लागला त्याने पुढे कशावर भरवसा ठेवायचा? बाबा गॅसचं बटण बघून यायचे, परत जाऊन बघायचे. गोळी घेतली का, हे शुभदाला विचारायचे. घेतलीत म्हटलं तरी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी नाना प्रश्न विचारले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आणि म्हणाले, ह्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे, मनातून काढून टाका. बाबा बाहेर येऊन मला म्हणाले, मला बरं वाटावं म्हणून बोलतात रे ते. मी काय बोललो? टॅक्सी मिळते का बघतो, म्हणालो.

हळूहळू त्यांनी एकट्याने रस्ता ओलांडणं सोडलं. मग चाळीबाहेर जाणंच सोडलं. ज्या माणसाला मुंबईतला एकेक सिग्नल पाठ होता, तो गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहिला. रविवारी तेवढे खाली उतरतात, सरोजकाकूंच्या दारात उभे राहून हात जोडतात. काकू दर वेळी म्हणतात, “भाऊ, पुरे झालं आता, आत या.” ते आत जात नाहीत.

गाडी आता मी चालवतो. हॉर्न काढून टाकावा असं शंभरदा मनात आलं, पण काय कारण सांगणार? आणि कमानीपाशी तो न वाजवण्याची सोय नाही. रोज सकाळी मी गाडी वळवली की बाबा गॅलरीतून वाकून ओरडतात, “हॉर्न मार रे.” मी मारतो. दोनदा. वर बघत नाही. हातात किल्ली घेऊन रोज जिना उतरतो. दुसरीकडे राहायला जाऊ, असं मी एकदा शुभदाला म्हणालो. ती म्हणाली, बाबा ह्या वयात हा चौक सोडतील का? नाही सोडणार. काकूंचा दरवाजा इथे आहे.

पहिली काही वर्षं बाबा मधूनच विचारायचे — मी दाबला होता ना रे? आम्ही दोघेच असताना, दुसरं कुणी नसताना. मी म्हणायचो, बाबा, जाऊ दे ना आता. तो प्रश्न आला की मला राग यायचा. हो, राग. त्यांचाच. एकदा तर मी आवाज चढवला होता.

मग त्यांनी विचारणं बंद केलं. सुटलो, असं मला वाटलं.

परवा माझी मुलगी गाडी शिकायची म्हणून हट्ट धरून बसली होती. बाबांनी तिला जवळ बसवलं आणि फार शांतपणे सांगितलं की कमानीपाशी हॉर्न मारल्याशिवाय पुढे जायचं नाही. “मी त्या दिवशी मारूकच नाय,” ते म्हणाले. “हात गिअरवर होतो माझो. डोक्यात बाजाराचा विचार. मारूचो रवलोच.” हात कुठे होता, मन कुठे होतं, सगळं सांगितलं त्यांनी. त्यांना ते आता आठवतं. त्यांच्या डोक्यात खरं होतं ते गेलं आणि मी घातलेलं तिथे बसलं. मग माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाले, “तुझो बापूस त्या दिवशी माका एक शब्द बोललो नाय. दुसरो असतो तर चार माणसांत माझी काढली असती.”

मुलीने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मी किल्ली उचलली आणि खाली गेलो.

अजून एक राहिलं. इतका वेळ मी ते टाळतोय, तुमच्या लक्षात आलं असेल किंवा नसेल. त्या सकाळी वायर सुटी आहे हे मी विसरलो नव्हतो. बाबांनी गाडी सुरू केली तेव्हाच आठवलं होतं. बाबा थांबा, एवढंच म्हणायचं होतं. पण चौकात माणसं होती, आणि सगळ्यांसमोर ते वाक्य ऐकायची माझी तयारी नव्हती. मी बॉनेटवर हात ठेवून गाडीबरोबर चालत होतो. कमानीच्या तोंडाशी गाडी आली, आणि माझ्या तळहाताखाली रिले वाजला. टिक. टिक.

बाबांनी हॉर्न दोनदा दाबला होता. मी ऐकलं.