आठ दिवस भाड्याचा कॅरम

कॅरमबोर्ड विकत घ्यायच्या आधी आठ दिवस भाड्यानं घरी नेऊन खेळून बघता यायचा, अशी सोय आमच्या कळमनुरीत होती. आता माझा नातू मोबाइलवरचा गेम आधी फुकट खेळून बघतो, मग पैशांसाठी त्याच्या आईच्या मागं लागतो, आणि ही युक्ती आपल्याच पिढीनं काढली असं त्याला वाटतं. मी त्याला काही बोलत नाही. बोलले तर तो म्हणेल, आजी, कॅरम हा काय गेम आहे का? आणि मग मला राग येईल. मला राग लवकर येतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, मी अकरा वर्षांची होते तेव्हाची. बसस्टँडजवळ एक सायकलचं दुकान होतं. तिथं सायकली तासावर मिळायच्या, लग्नाला गॅसबत्त्या मिळायच्या, आणि मागच्या भिंतीला चार-पाच कॅरमबोर्ड टेकवून ठेवलेले असायचे. प्रत्येकाच्या पाठीवर तेलरंगानं नंबर टाकलेला. दुकानदार चाचा बोर्डाची किंमत लवकर सांगायचेच नाहीत. "पहले घर ले जाओ, आठ दिन खेलो," म्हणायचे. "दिल लगा तो रख लो, भाड़ा कीमत में से काट लूँगा. नहीं लगा तो वापस, कोई तकलीफ नहीं."

आमच्या घरी बोर्ड आला तो मोठ्या भावामुळं. तो संध्याकाळभर एका हॉटेलातल्या बोर्डाला चिकटलेला असायचा आणि त्या वर्षी गणितात काठावर पास झाला होता. उन्हाळ्याची सुट्टी लागली तसं बाबांनी ठरवलं की पोरगं हॉटेलात बसण्यापेक्षा डोळ्यासमोर खेळलेलं बरं. पण बोर्ड खरा हवा होता तो मला. शेव आणायला गेले की मी त्या हॉटेलाच्या दारातून सोंगट्यांचा टकटक आवाज ऐकायचे. आत जायची सोय नव्हती. पोरीनं दारात उभं राहिलं तरी कोणीतरी म्हणायचं, "काहून थांबली ग? जाय घरी." भावाला काय, आमचा बोर्ड परत गेला असता तर त्याला हॉटेल होतंच. मला दुसरं काहीच नव्हतं.

बाबा जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, पण खेड्यापाड्यांतून बैल घेऊन येणारी माणसं त्यांना डॉक्टरसाहेबच म्हणायची. मारक्या बैलाच्या तोंडात बांबूचं नळकांडं घालून औषध पाजणारा हा माणूस एकाच गोष्टीला भ्यायचा, ती म्हणजे हरणं. पत्त्यांत हरले तर पत्ते जुने झालेले असायचे. सोंगट्यांच्या पटावर हरले तर कवड्या खोट्या. त्यामुळं भावानं बोर्ड आल्याआल्या मला आणि धाकट्याला मागच्या अंगणात नेऊन बजावलं, "बाबाला जिंकू द्यायचं. आठ दिवस. कळलं का? एकदा का बाबाचं नाव पडलं त्या बोर्डावर, मग तो कुठं जातो?"

नाव पडणं म्हणजे आमच्याकडं वस्तू कायमची घरची होणं. हंडा, तांबे, परात, चहाची किटली, सगळ्यांवर बाबांचं नाव ठोकून घेतलेलं होतं. ट्रंकेवर ते पांढऱ्या रंगात होतं. धाकटा तर म्हणायचा, आपल्या पाठीवर पण असंल, दिसत न्हाई म्हणून.

पहिले दोन दिवस सगळं ठरल्याप्रमाणं चाललं. ओसरीवर उपडं घमेलं, त्याच्यावर बोर्ड. बाबा दवाखान्यातून आले की हातपाय धुऊन थेट पाटावर बसायचे. भाऊ सोंगटी जाळीच्या काठाला नेऊन ठेवायचा आणि बाबा ती ढकलून "पाह्यलं का!" म्हणायचे. चाचांनी बोर्डासोबत पावडरची एक पुडी दिली होती, ती दुसऱ्या दिवशीच संपली. दवाखान्यात बोरिकची मोठी बरणी होती. धाकट्यानं तिचं नाव काढलं तर बाबा कडाडले, "ती बैलाच्या जखमेची हाय. बैलाच्या वाटणीचं आपून उधळायचं का?" मग मायनं ज्वारीचं पीठ जुन्या धोतरातून वस्त्रगाळ करून दिलं. सोंगट्या झकास पळायला लागल्या. फक्त तिसऱ्या दिवशी सकाळी बोर्डावर मुंग्यांची रांग होती आणि शेजारची कोंबडी मधोमध उभी राहून राणी टोचत होती.

माय ओलं फडकं घेऊन आली. कोंबडीला हाकललं, बोर्ड पुसला, मग कोरड्या फडक्यानं पुसला, आणि सोंगट्या गोळा करता करता थांबली. इकडं तिकडं बघितलं. मी दाराआड आहे हे तिला माहीत नव्हतं. तिनं स्ट्रायकर रेषेवर ठेवला, डावा गुडघा टेकला, जिभेचं टोक ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर काढलं आणि टिचकी मारली. पलीकडच्या कोपऱ्यातली काळी सोंगटी काठाला न लागता जाळीत गेली.

"माय!" मी ओरडलेच.

ती चोरी पकडल्यासारखी उठली. "पुसून राहिले होते," म्हणाली. मग माझं तोंड बघून हसली. "आमी बहीणभाऊ गोट्या खेळत होतो. बाळापूरकडं, माहेरी. माझ्यासंग कोणी पैजंनं खेळायचं न्हाई."

"मग सोडल्या काहून?"

"लगन झालं की," ती म्हणाली, पाऊस थांबला की, असं म्हणावं तसं.

त्या संध्याकाळी मीच गाजावाजा करून तिला बाबांसमोर बसवलं. बसवलं म्हणजे काय, माय पाटावर बसलीच नाही. चुलीवर वरण होतं. केव्हाही उठावं लागणार, म्हणून एक गुडघा टेकून, एक उभा धरून ती बोर्डाच्या कडेला टेकली. दोनदा उठून वरण ढवळून आली. आणि तरीही बाबांच्या सात सोंगट्या बोर्डावर असताना तिनं राणी घेऊन डाव संपवला. बाबा खूप हसले. "डॉक्टरच्या घरात वाघीण निघाली," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जिंकली तेव्हा ते कमी हसले. तिसऱ्या दिवशी हसलेच नाहीत. त्यांनी वाकून बोर्डाच्या पातळीवर डोळा नेला आणि म्हणाले, "बोर्ड कललेला हाय. चाचानं खोटा माल देला."

भावानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी बोर्डच फोडला आहे. पुढचा बाजाराचा दिवस म्हणजे आमचे आठ दिवस पुरे होण्याचा दिवस, आणि तो चार दिवसांवर आला होता.

मी खरं सांगते, मला मायचं कौतुक वाटत होतं. त्या तीन संध्याकाळी तिचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता असा होता. नेम धरला की जीभ बाहेर, भुवया गोळा, आणि सोंगटी गेली की लगेच पदर सावरणं, जणू काही झालंच नाही. पण कौतुकापेक्षा बोर्ड मोठा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी थापत होती तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "माय, तू हरत जाय ना."

तिचा हात थांबला नाही. भाकरी परातीत फिरत राहिली.

"तू जिंकली की बाबा बोर्ड परत करतील. मग मला कुठं खेळता यायचं? भाऊ जाईल हॉटेलात. मी कुठं जाऊ?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. मग म्हणाली, "बरं."

एवढंच. मला वाटलं काम झालं. मी उड्या मारत बाहेर गेले. आज त्या "बरं"ची आठवण आली तरी मला लाज वाटते. तिनं कधी कोणाकडं काही मागितलं नव्हतं आणि जे आपोआप हाती आलं होतं ते मी, तिच्या लेकीनं, तीन भाकऱ्यांच्या वेळात काढून घेतलं.

त्या संध्याकाळी ती हरली. त्याच्या पुढच्या संध्याकाळीही हरली. बाबा पुन्हा "पाह्यलं का!" म्हणायला लागले. भाऊ मला कोपरानं ढोसून खूण करायचा. सगळं कसं छान जमलं होतं, आणि मला मात्र खेळ बघवत नव्हता. माय आता वरण ढवळायला उठली की परत यायची घाई करत नव्हती.

शेवटची संध्याकाळ आली. बाबांनी दोन डाव जिंकले होते. तिसऱ्यात मायची एक पांढरी सोंगटी जाळीच्या अगदी तोंडाशी होती, धाकट्यानंही डोळे मिटून घेतली असती अशी. तिनं टिचकी मारली, स्ट्रायकर शेजारून निघून गेला.

बाबांनी आपला स्ट्रायकर उचलला आणि तसाच हातात धरून बसले. मायच्या तोंडाकडं बघत राहिले.

"तुझी जीभ कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"आँ?"

"जीभ. नेम धरला की बाहेर येती तुझी. दोन दिवस झाले, तोंड मिटून खेळून राहिली तू."

भाऊ छताकडं बघायला लागला. मला वाटलं आता ही गोष्ट तिच्या अंगावर जाणार, आणि माझा धीर सुटला. "मी सांगितलं तिला," मी म्हणाले. "तुमी हरले की बोर्ड परत करता म्हणून." आणि भोकाड पसरलं.

"लेकराला खेळायचं हाय," माय हळूच म्हणाली. "माझं काय, मला काम हायेतच."

मी बाबा ओरडायची वाट बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी स्ट्रायकर बोर्डाच्या मधोमध ठेवला, उठले, आणि अंगणात जाऊन बराच वेळ उभे राहिले.

सकाळी उठून बघते तर ओसरीवर नुसतं घमेलं. बाबांनी बोर्ड सायकलच्या कॅरेजला बांधून नेला होता. भाऊ म्हणाला, "झालं समाधान? आता रड." पण मला रडू आलं नाही. मला वाटलं, माझ्यामुळं दोघांचाही गेला, मायचाही आणि माझाही, आणि हे बरोबरच झालं. माय दिवसभर नेहमीसारखी कामात होती. फक्त दुपारी मी बघितलं, तिनं धोतरातून गाळून ठेवलेलं वाटीभर पीठ परत डब्यात ओतलं नाही. वाटी तशीच फडताळात झाकून ठेवली.

संध्याकाळी बाजारातून बाबा आले. सायकलच्या कॅरेजला बोर्ड होता.

"तोच हाय," ते कोणाकडं न बघता म्हणाले. "दवाखान्यातून येईपर्यंत चाचाकडं ठिवला होता. रंगाचं काम होतं." त्यांनी बोर्ड सोडला, ओसरीवर आणला आणि पाठ आमच्याकडं करून भिंतीला टेकवला. दुकानाचा नंबर काळ्या रंगानं बुजवलेला होता. त्याच्याखाली, पेंटरच्या चांगल्या वळणदार अक्षरात, पांढऱ्या रंगात नाव होतं. मायचं.

आमच्या घरात तोवर कुठल्याही वस्तूवर ते नाव नव्हतं. खरं तर घरात ते नाव कोणाच्या तोंडातही नव्हतं; बाबा "ऐकलं का" म्हणायचे, आम्ही माय. धाकट्यानं तर विचारलंच, "हे कोण?"

माय शाळेत दुसरीपर्यंत गेली होती. ओठ हलवत तिनं एकेक अक्षर वाचलं. मग बोट पुढं करून शेवटच्या अक्षरावरून फिरवलं. रंग ओला होता. तिचं बोट पांढरं झालं आणि अक्षराचा काना खाली ओघळला. "अगं बाई," म्हणून तिनं हात मागं घेतला.

"राहू दे तसंच," बाबा म्हणाले. मग घमेल्याजवळ पाट सरकवून म्हणाले, "बस. बराबर मांडी घालून बस. वरण मी पाहतो."

वरण लागलं, करपलं, त्या रात्री आम्ही ते तसंच खाल्लं. त्याआधी मायनं फडताळातून पिठाची वाटी काढली, बोर्डावर भुरभुरली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिला ओसरीवर पूर्ण मांडी घालून बसलेली बघितली. समोर बाबा, एक कान चुलीकडं. तिनं नेम धरला. जिभेचं टोक बाहेर आलं.

तो बोर्ड आज माझ्याकडं आहे. सोंगट्या तीनदा बदलल्या, जाळ्या गेल्या, पण पाठीवरचं नाव आहे आणि त्याचा शेवटचा काना ओघळलेलाच आहे. नातवाला मी एकदाच तो दाखवला. त्यानं त्या कान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कोणी बिघडवलं?"

बोर्डावर नाव पडलं त्या संध्याकाळी बाबा हरले. चांगलेच हरले, त्यांच्या सहा सोंगट्या तशाच पडून होत्या. सवयीनं ते खाली वाकले, बोर्डाच्या पातळीवर एक डोळा नेला. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. मग सरळ होत म्हणाले, "बोर्ड बराबर हाय."