नवरी

नागपूर तेव्हा अजून राजधानी होतं. जामच्या रस्त्याला कापसाच्या गोदामाचं काम चाललं होतं आणि मी तिथला मिस्तरी. हात चांगला होता, जीभ त्याहून तिखट. लोक माझ्या बोलण्याला हसत आणि मला त्या हसण्याची चटक लागली होती. हे आधीच सांगतो, कारण मला स्वतःची कड घ्यायची नाही.

भिंतीला लावलेली परांची लाकडी बल्ल्यांची, सुंभाच्या दोराने बांधलेली. कारंज्याकडच्या जंगलातून आलेला एक गोंड मजूर विटा वर पोचवायचा, त्याची बायको चुन्याचं घमेलं वाहायची. दोघं आपसात त्यांच्या भाषेत बोलत, आमच्याशी कमीच. हा माणूस रोज सकाळी चढण्याआधी एकेक बल्ली हलवून बघायचा, एकेक गाठ अंगठ्याने दाबायचा. चुन्याच्या पाण्याने सुंभ कुजतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण गाठ बघून चढेल तो भित्रा, असं आम्ही मानायचो.

एकदा मी वरून ओरडलो, "नवरी हाय रे हे! उंबरठ्यावर पाय ठेवाले भेते."

नाव चिकटलं. तो परांचीजवळ आला की कोणी शिट्टी मारी, कोणी गालाला हळद लावल्याचं सोंग करी. एका दुपारी दोघांनी त्याला धरलं आणि ओळ आखायच्या सुताला लावायचा गेरू त्याच्या कपाळाला फासला. बायको डोक्यावर घमेलं घेऊन तशीच उभी राहिली. मी इतका हसलो, की थापी हातातून पडली. आज आठवलं की स्वतःची शिसारी येते.

दुसऱ्या दिवसापासून त्याने गाठी दाबणं सोडलं. आम्ही म्हटलं, चला, माणसांत आला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी तो खालीच थांबला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मिस्तरी, त्या कोपऱ्यातला दोर सडल्यावानी दिसते जी. हात लावून पाहू काय?"

स्वतःचा जीव सांभाळायला तो माझी परवानगी मागत होता. मी हो म्हटलं असतं तर घटकाभर काम थांबलं असतं, एवढंच. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काऊन? नवऱ्याले बोलावू का उचलून न्याले?"

हशा पिकला. तो मान खाली घालून विटा घेऊन चढला.

मी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला होतो. बल्ली कडाडली, विटा खडखडत खाली गेल्या. मी अजून खाली बघितलंही नव्हतं, तोच माझ्या तोंडून निघून गेलं, "गेली रे नवरी सासरी!"

कोणी हसलं नाही. मग मी बघितलं. तो विटांच्या ढिगावर पडला होता, मान भलत्याच बाजूला वळलेली. बायकोने घमेलं आधी नीट खाली ठेवलं. चुना सांडला की आम्ही तिच्यावर रोज ओरडायचो ना. मग ती त्याच्यापाशी बसली आणि मान वर करून आमच्या भाषेत म्हणाली, "मिस्तरी, हास ना आता."

दुसऱ्या दिवशी नवे सुंभ आले. सगळ्यांनी चढण्याआधी गाठी दाबून पाहिल्या, उघडपणे, एकमेकांसमोर. मीही गाठ दाबली, पण आधी कोणी बघत तर नाही ना, ते बघून.