आप्पांचा हात

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे अडकलं, की आमच्याकडे हॉर्न वाजवायचा आणि वाट बघायची. मागच्याला उसापलीकडचं काही दिसत नाही. दिसतं ते ट्रॅक्टरवाल्याला. रस्ता मोकळा असला की तो हात बाहेर काढून हलवतो आणि आपण बिनधास्त पुढे निघतो. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या वडिलांनी, आप्पांनी, असा हात हयातभर हलवला.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका मोटारसायकलवाल्याला हात केला आणि चढापलीकडून पिकअप आला. माणूस वाचला, पाय मोडला. "माझ्या हातानं मोडला," एवढंच आप्पा म्हणाले. त्यानंतर मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले तरी त्यांचा हात बाहेर आला नाही. मग लोक अंदाजाने घुसू लागले. मला आप्पांचा राग यायचा, आणि राग आल्याची लाजही वाटायची.

मी शिक्रापूरला एका कंपनीत इलेक्ट्रॉनिक बोर्ड जोडते. मैत्रिणीला हाताशी धरून दोन डब्या बनवल्या. 'मी इथे आहे, तिकडे येतेय' असं त्या एकमेकींना रेडिओवरून सांगतात आणि लाल दिवा लागतो. एक ट्रॅक्टरवर बसवली, दुसरी शेजारच्या मामांच्या दुधाच्या टेम्पोत.

"आन् ज्याच्याकडं डबी न्हाई, त्याचं काय?" आप्पांनी नेमकं विचारलं.

"त्याचं काही नाही," मी चिडले. "दिवा नाही म्हणजे रस्ता मोकळा, असं समजायचं नाही. पण लागला, तर गाडी आहेच."

गुरुवारच्या सुट्टीत मी स्कूटीवर ट्रॅक्टरमागे निघाले. त्याच चढाला एक अनोळखी मोटारसायकलवाला मला ओलांडून ट्रॅक्टरच्या उजवीकडे घुसला. तेवढ्यात आप्पांचा हात बाहेर आला. हलला नाही. पंजा मागे करून ताठ राहिला: थांब. त्याने करकचून ब्रेक दाबला आणि चढावरून मामांचा टेम्पो खाली आला.

चढ संपल्यावर आप्पांनी ट्रॅक्टर कडेला घेतला. तो गडी पांढराफटक पडला होता.

"आबा, तुम्हाला पलीकडचं दिसलं कसं?"

"मला कुठं दिसलं? टेम्पोनं सांगितलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अजून डब्या कर. साखर कारखान्यावर रांगेत समद्यांना सांगतो मी."

पुढचा रस्ता त्यांनी बराच वेळ न्याहाळला. मग त्या गड्याला हात हलवला. "जा आता. सावकाश."

मी हेल्मेट न काढताच रडून घेतलं.