फुली नसलेला रॅक

बहिणीच्या दुकानाच्या दारातच फुलीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. रंगाचे डबे फरशीभर पसरले होते आणि पांढरा ऑइलपेंट काउंटरखाली वाहत गेला होता. बहिणीला दवाखान्यात नेऊन तासही झाला नव्हता. मांडीचं हाड मोडलंय, एवढंच भाचा फोनवर बोलला होता.

तीस वर्षं लोखंडी रॅक बसवण्यात गेली त्याची. प्रत्येक रॅकच्या पाठीला तो दोन तिरप्या पट्ट्या एकमेकींवरून आवळायचा, म्हणून सगळे त्याला फुलीवाला म्हणत. "या काड्या काय वजन पेलणार हो?" गिऱ्हाइकं हसत. मग तो एक रिकामं खोकं घ्यायचा, वरची-खालची झाकणं उघडायचा आणि बाजूने एक बोट लावायचा. खोकं चपटं. "पुठ्ठा कुठे फाटला? मग पडलं कशानं?" "तिरपं धरून ठेवणारं काही नव्हतं म्हणून!" मग गिऱ्हाईक फुली लावून घ्यायचं.

बहीण मात्र कुणाचं ऐकणारी नव्हती. "दादा, रॅक दुकानाच्या मधोमध आहे. दोन्हीकडून डबे काढायचेत मला. तुझी फुली कशाला मधे कडमडायला? जगाला शिकव, मला नको." शेवटी त्याने हात टेकले आणि मनाच्या समाधानासाठी दुप्पट जाड उभे लोखंडी अँगल लावून दिले.

आता तो त्याच अँगलपाशी उकिडवा बसला होता. एकही वाकला नव्हता, कुठे चीर नव्हती. आठच्या आठ उभे अँगल सरळसोट, एकाच बाजूला निजले होते. बोल्ट वर्षानुवर्षं सैल होत गेले असणार. मग जरासा धक्का, आणि सगळा रॅक आडवा मिटला, पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या बहिणीवर. वर ते जास्तीचं लोखंड.  शेकडो लोकांना खोकं दाखवलं होतं त्याने.

"ताईंच्या सूनबाईंनी फळीवर पाय दिला वाटतं," शेजारचा दुकानदार म्हणाला.

 फुलीवाला खाली वाकून डबे गोळा करू लागला.

संध्याकाळी दवाखान्यात तो पोचला तेव्हा बहिणीचा पाय बांधलेला होता, जीभ मोकळी होती. "माझ्या दादाचा रॅक पंधरा वर्षं हलला नाही! ही चढली आणि माझं असं झालं. घरात आली तेव्हापासून हिचं काहीतरी मोडणं चालूच आहे." भाचा खिडकीबाहेर बघत होता. सून थर्मास छातीशी धरून भिंतीला टेकली होती. तिचे डोळे सुजले होते.

"मांजर चढलं असतं तरी पडला असता," फुलीवाला म्हणाला.

"काय?"

"फुली नव्हती ना. तू नको म्हणालीस तरी मी लावायला हवी होती."

बहीण कोपरावर उठू लागली. "अरे, पण ते जाड अँगल?"

"त्यांचा काही उपयोग नव्हता. मला तेव्हाही ठाऊक होतं."

 मग सुनेने थर्मास टेबलावर ठेवला. 

"मामा, तुम्ही दुकानात कधी पोचलात?"

"अकराला."

"आता सात वाजलेत," ती म्हणाली. "सकाळपासून मी हे ऐकतेय."