घड्याळावरचं प्लास्टिक

निवृत्त झालो तेव्हा मुलाने दिलेलं महागडं घड्याळ मी सात वर्षं स्टीलच्या पट्ट्यावरच्या पातळ प्लास्टिकसकट वापरलं. परवा सर्व्हिसिंगला दिलेलं ते आणायला दुकानात गेलो, तर प्लास्टिक गायब आणि पट्ट्यावर दोन बारीक चरे! मी काउंटरवर आवाज चढवला. तिथली मुलगी शांतपणे म्हणाली, “काका, चरे जुनेच आहेत. प्लास्टिकखाली धूळ अडकली होती, ती घासत राहिली.”

म्हणजे इतकी वर्षं मी जे जपत होतो, ते जपण्यानेच खराब झालं? भांडायलाही कुणी उरलं नाही! चडफडत घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं आणि सोफ्यावर बसलो. त्यावरचं कधीच न काढलेलं प्लास्टिक करकरलं.

“आता हेही काढूया का?” बायकोने विचारलं.

खाली काय निघेल, या धास्तीने मी म्हणालो, “राहू दे.”