दत्तामामाला हवी होती मदत, मिळाला उपदेश

दत्तामामावर अन्याय झाला तो यंदा किंक्रांतीच्या सकाळी, डॉक्टरांच्या राउंडला. छातीत कळ आली म्हणून ॲडमिट केलेला माझा मामा म्हणाला, “साहेब, विडी सोडायचीय. एकट्याला जमत नाही. काही देता का?” फाइलवर सही करत डॉक्टर म्हणाले, “इच्छाशक्ती ठेवा,” आणि पुढच्या खाटेकडे वळले. महिन्याभरात दुसरा झटका आला. मामा गेला.

मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होता. तिथे फाटकावर विडी-काडेपेटी काढून ठेवल्याशिवाय आत सोडत नाहीत. नोकरीभर तो पाळी संपेपर्यंत विडीवाचून राहिला. त्याचंच आम्हाला कौतुक, आणि तिथेच आम्ही सगळे फसलो. मामी म्हणायची, “दारूगोळ्यात राहत होतात की हो. इथे काय धाड भरलीय?”

मामा हसला. “अगं, तिथे संध्याकाळी भोंगा व्हायचा. इथला कधी होणार, तेवढं सांग.”

दुपारी पडदे ओढले की वॉर्ड पाण्याखाली गेल्यासारखा व्हायचा... पंख्याची घरघर, सलाइनचे थेंब, लांबून येणारी कुणाची तरी खोकल्याची उबळ. मामा झोपेत दोन बोटं ओठांशी न्यायचा, गाल आत ओढायचा आणि नसलेला धूर सावकाश सोडायचा. त्या नसलेल्या धुरात मला क्वार्टरचं अंगण दिसायचं. बाजेवर मामा, हवेत तरंगणारी वलयं, आणि त्यांत बोट घालायला धावणारी आम्ही पोरं... जाग आली की मामा चिडचिडा व्हायचा. एकदा तो विडी ओढायला जिन्याकडे निघाला.

सिस्टर म्हणाल्या, “आजोबा, हा दवाखाना आहे, टपरी नाही.”

“ठाऊक आहे. टपरीवाला निदान काय हवं ते विचारतो.”

मी तंबाखूविरोधी पत्रकं वाटते, म्हणून स्पष्ट लिहिते. निकोटीनचं च्युइंग गम असतं, चिकटपट्ट्या असतात, शेजारी बसून बोलणारा समुपदेशक असतो. हृदयाच्या गोळीसारखाच हाही उपचार आहे. तो मागणाऱ्याला उपदेश पाजणं हा हलगर्जीपणा आहे.

परवा मामीने त्याचा सदरा उन्हात टाकायला काढला. खिशात विडीचा वास अजून तसाच. आम्ही दोघी तो हुंगत उभ्या राहिलो. त्याच वासाने त्याला नेलं, आणि त्याच्यातलं आमच्याकडे आता तेवढंच उरलंय.

तुमचं माणूस आज कुठल्या खाटेवर असेल, तर डॉक्टरांसमोर उभे राहा. विचारा, यांची विडी सुटावी म्हणून आज काय देणार आहात? उत्तर मिळेपर्यंत त्यांना पुढच्या खाटेकडे जाऊ देऊ नका.