उलट्या तारा

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आणणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं, असं तिची आई म्हणायची. धाकटी विमानं दुरुस्त करायची आणि तिची ताई त्यांवर नवशिक्यांना उडायला शिकवायची. दोघी एकाच विमानतळावर होत्या. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीला ताई बहिणीला मागच्या सीटवर बसवायचीच. म्हणायची, "तुझ्या हातचं आहे ना? मग तूही चल."

त्या सकाळी धाकटीने एका छोट्या विमानाच्या पंखातल्या जुन्या तारा बदलल्या होत्या. पंखांच्या मागच्या कडेला, टोकाजवळ, बिजागरीवर हलणारी एकेक पट्टी असते. तिला एलेरॉन म्हणतात. वैमानिकाने हातातला दांडा डावीकडे नेला की डावी पट्टी वर उचलली जाते आणि उजवी खाली झुकते. मग डाव्या पंखाची उचल कमी होऊन तो खाली जातो, उजवा वर येतो आणि विमान डावीकडे कलतं. हे सगळं काम त्या तारांचं. धाकटीने तारा ताणल्या आणि दांडा हलवून पाहिला. एक पट्टी वर, एक खाली. लोण्यासारखं चाललं होतं.

विमानाने जमीन सोडली आणि डावीकडून वाऱ्याचा झोत आला. डावा पंख उचलला गेला. ताईने सवयीने दांडा डावीकडे नेला. पंख खाली यायच्या ऐवजी आणखी वर गेला. तिने दांडा अजून रेटला. विमान उजवीकडे आडवं व्हायला लागलं आणि उजव्या पंखाखालचं गवत पात्यापात्याने दिसू लागलं.

"अगं, हे ऐकतच नाहीये!" ताई ओरडली.

धाकटीने डाव्या पंखाकडे पाहिलं. दांडा डावीकडे होता आणि डावी पट्टी खाली लोंबत होती.

"उलटं झालंय! ताई, तारा उलट्या जोडल्यात मी! दांडा मध्ये आण!"

ताईने दांडा मध्ये आणला आणि डाव्या पायाने शेपटीच्या सुकाणूचं पेडल दाबलं. नाक डावीकडे वळलं, बाहेरच्या बाजूच्या उजव्या पंखाला वेग मिळाला आणि तो कण्हत कण्हत वर आला. विमान सरळ झालं.

"आता फक्त पायांनी चालव," धाकटी म्हणाली. "हात विसर."

"हात ऐकतोय थोडाच! इतक्या वर्षांची खोड."

ते खरंच होतं. वळताना जरा कल आला की ताईचा हात आपसूक जायचा आणि विमान भलतीकडेच कोलमडायचं. मागच्या सीटपुढेही तसाच दांडा होता, पुढच्याशी जोडलेला. धाकटीने तो दोन्ही मांड्यांत आवळला, वरून दोन्ही हातांनी धरला.

"तू मागेपुढे कर. बाजूला मी जाऊ देत नाही."

ताईने भलामोठा वळसा घेतला आणि वाऱ्याला तोंड करून विमान धावपट्टीकडे उतरवायला घेतलं. जमीन अगदी जवळ आली असताना पुन्हा झोत आला. ताईचा हात झटक्याने डावीकडे गेला. मागे धाकटीने दात खाऊन दांडा रोखला.

"पाय, ताई, पाय!"

ताईने पाय दाबला. एक चाक टेकलं, उसळलं, मग दुसरं टेकलं. विमान धावपट्टी सोडून गवतात शिरलं आणि थांबलं.

ताईने इंजिन बंद केलं. मग धाकटी म्हणाली, "पट्ट्या हलतात एवढंच पाहिलं मी. कुठली वर जाते ते पाहिलंच नाही. मारलं असतं तुला."

"निघण्याआधी मीही दांडा हलवून पाहिला होता," ताई म्हणाली. "मला तरी कुठे दिसलं?"

धाकटीने स्वतः जाऊन दुरुस्ती विभागाच्या साहेबांना सगळं सांगितलं. बोलणी खाल्ली, तारा पुन्हा जोडल्या. या वेळी ताई पंखाला हात लावून उभी राहिली आणि कुठली पट्टी कुठे जाते ते मोठ्याने सांगत राहिली.

मग ताईने हेल्मेट उचललं. "चल, बस मागे."

"मला नाही जमायचं."

"मग मीही नाही उडत. राहू दे विमान गंजत."

धाकटी पट्टा लावून बसली. वर गेल्यावर ताईने दांडा हलकेच डावीकडे नेला. डावा पंख शहाण्यासारखा खाली झुकला, आणि मागच्या सीटवर धाकटी, जी कधी रडत नसे, हुंदके देऊन रडायला लागली.